सर्व्हरचं नेट पुन्हा पुन्हा मंदावतंय? स्पीड कुठल्या आकड्यावर अडकतो ते आधी बघा

“सर्व्हर स्लो झालाय” या तक्रारीचा प्रवास बहुतेक ऑफिसांत सारखाच असतो. कुणीतरी राउटर बंद करून चालू करतं, थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी नेटवाल्याला फोन जातो. त्याचा माणूस येतो, स्वतःचा लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला लावतो, स्पीड टेस्टवर ३०० एमबीपीएस आणून दाखवतो आणि “आमच्याकडून तर फुल येतंय साहेब” म्हणून निघून जातो. तो खोटं बोलत नाही. त्याने मोजलं ते वेगळं आणि तुम्हाला टोचतंय ते वेगळं.

वारंवार येणाऱ्या या दुखण्यात “स्लो आहे का?” या प्रश्नाने काही हाती लागत नाही. किती स्लो, आणि दर वेळी त्याच आकड्यावर अडकतं का, हे विचारा. आकडा नीट टिपला तर पुष्कळदा मशीनला हात लावायच्या आतच कारण कळतं. ९४ एमबीपीएसवर ठाम बसलेला सर्व्हर आणि ४० ते २०० मध्ये हेलकावे खाणारा सर्व्हर, यांचे आजार वेगळे. पुढचं सगळं उबुंटू किंवा डेबियनवर चालणारा लिनक्स सर्व्हर डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण केबल आणि अंतर कुणाला ऑपरेटिंग सिस्टिम विचारत नाहीत.

एक गोष्ट पटकन उरकून टाकू. प्लॅनवरचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, फाइल कॉपी करताना दिसणारा मेगाबाइटमध्ये. आठाने भागा. १०० एमबीपीएसच्या लाईनवर सेकंदाला साडेअकरा मेगाबाइटच्या आसपास मिळत असेल तर ती लाईन अगदी ठणठणीत आहे आणि तुम्ही हे वाचायची गरज नाही.

वेळ टिपा, मगच हत्यारं काढा

त्रास पुन्हा पुन्हा होतोय ही खरं तर जमेची बाजू आहे, कारण त्याला वेळापत्रक असतं. क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी लिनक्सची सोय) एक छोटी स्क्रिप्ट टाका: दर मिनिटाला तीन ठिकाणी चार-पाच पिंग, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं. एक तुमच्या राउटरला, दुसरं प्रोव्हायडरच्या पहिल्या टप्प्याला (वाटेतले टप्पे दाखवणारं ट्रेसराउट चालवल्यावर राउटरनंतर जो पत्ता येतो तो), तिसरं दूरच्या, ज्याच्याशी तुमचं काम आहे त्या मशीनला. वेळ आणि सरासरी मिलिसेकंद एका फाइलीत साठत राहू द्या. दर पाच मिनिटांनी स्पीड टेस्ट लावण्याचा मोह टाळा. ती टेस्ट लाईन पूर्ण भरते, म्हणजे तुम्ही मोजताय तोच त्रास स्वतः तयार करता.

चार दिवसांची फाइल समोर आली की गोष्टी बोलायला लागतात. रोज संध्याकाळी ८ ते ११ या वेळेत प्रोव्हायडरच्या टप्प्यापासून पुढे मिलिसेकंद चढत असतील तर परिसरातली सगळी घरं त्या वेळी टीव्ही बघताहेत, आणि त्यावर तुमच्या सर्व्हरमध्ये औषध नाही. रात्री ठरलेल्या मिनिटाला राउटरपुढचा आकडा उडी मारतो आणि तासा-दीड तासाने खाली येतो? क्रॉनची यादी उघडा, बॅकअप सापडेल.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात स्पीड कोसळतो आणि बिलाच्या तारखेला आपोआप सुधारतो, हे तर एफयूपीचं (ठरावीक डेटा संपला की वेग कमी करण्याच्या नियमाचं) सरळ लक्षण आहे. “अनलिमिटेड” म्हणून विकलेल्या बऱ्याच फायबर प्लॅनांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा बारीक अक्षरात असते. ती घरगुती वापराला अफाट वाटते. पण सर्व्हर झोपत नाही. दिवसरात्र सरासरी फक्त १० एमबीपीएस चालू राहिलं तरी दिवसाला १०८ जीबी होतात, म्हणजे महिन्याला साधारण तेवढाच कोटा. दोन-चार सीसीटीव्ही कॅमेरे क्लाउडवर आणि वर सर्व्हरचा बॅकअप, की झालंच.

आणि कर सल्लागारांच्या ऑफिसांसाठी खास: ११ आणि २० तारखेला “नेट स्लो” अशी बोंब झाली तर आधी दुसरी एखादी साइट उघडून बघा. त्या दिवशी जीएसटीआर-१ आणि ३बी भरायची मुदत असते. तेव्हा पोर्टल रेंगाळलं तर त्यात सर्व्हरचा काय दोष?

९४ वर अडकलंय

प्लॅन ३०० चा, पण डाउनलोड काही केल्या ९४ च्या वर जात नाही, आणि विगेट हे डाउनलोडचं साधन सेकंदाला ११.२ एमबी दाखवत बसतं. हा आकडा पाहिला की मी पुढे फारसं विचारत नाही. १०० एमबीपीएसच्या इथरनेट लिंकवर हेडर वगैरे वजा जाता खऱ्या डेटाला ९४ च उरतात. म्हणजे सर्व्हरपासून फायबरच्या डब्यापर्यंत कुठला तरी एक सांधा गिगाबिटऐवजी १०० वर जुळलाय.

कुठला, हे बघायला ‘इथटूल’ ही कमांड आणि पुढे नेटवर्क कार्डाचं नाव द्या. स्पीड आणि डुप्लेक्स (पाठवणं-घेणं एकाच वेळी चालतं की आळीपाळीने) या ओळी सगळे बघतात. खरी माहिती त्यांच्या वरच्या भागात असते: आपलं कार्ड कुठले वेग जमतात म्हणून सांगतंय, आणि ‘लिंक पार्टनर’, म्हणजे समोरचं पोर्ट, काय सांगतंय. दोघंही हजार सांगत असतील आणि तरी जुळणी १०० वर झाली असेल तर केबल दोषी. समोरचं पोर्ट हजारचं नावच घेत नसेल तर ते पोर्टच १०० चं आहे, केबल बदलून काही होणार नाही.

हा दुसरा प्रकार फार फसवतो. स्वस्त राउटरच्या खोक्यावर ३०० एमबीपीएस ठळक छापलेलं असतं. तो आकडा वाय-फायचा. मागची पोर्टं १०० चीच असतात. प्लॅन वाढवला, राउटर जुनाच ठेवला, आणि वाढीव पैसे दर महिन्याला वाया. जुने मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल जोडणारे डबे) आणि काही पीओई इंजेक्टर (केबलमधूनच वीज देणारे डबे) यांचंही तेच.

केबल दोषी निघाली तर आतल्या तारांचा हिशोब माहीत हवा. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, आपल्याकडच्या नेहमीच्या रंगक्रमात नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला निळी आणि तपकिरी धरून चारही जोड्या लागतात. निळ्या-तपकिरीतली एक तार जरी कनेक्टरच्या मानेजवळ तुटली तरी नेट बंद पडत नाही, निमूटपणे १०० वर उतरतं. म्हणून कुणाला संशय येत नाही. जुन्या इमारतींत याहून मजेशीर प्रकार सापडतात. भिंतीतली केबल पुरेशी नव्हती म्हणून इलेक्ट्रिशियनने तिच्यातली निळी जोडी सोडवून इंटरकॉमला दिलेली असते आणि तपकिरी जोडी नुसती मागे मुरडून ठेवलेली. फेसप्लेट उघडली की दिसतं.

हे वारंवार का होतं, कायमचं का नाही? तुटलेली तार कधी टेकते, कधी सुटते. रॅकचं दार लावलं की पॅच कॉर्ड दाबली जाते. सफाईवाल्या मावशींचा झाडू कोपऱ्यातल्या केबलला रोज एकाच जागी लागतो. दुपारी एसी बंद होऊन रॅक तापला की ढिला सांधा आणखी ढिला होतो. लिंक तुटून पुन्हा जुळली की त्याची नोंद कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये वेळेसकट पडते. ‘डीमेसेज’ किंवा ‘जर्नलसीटीएल’ या कमांडनी तो उघडा आणि कार्डाच्या नावाने शोधा. काही ड्रायव्हर तर “डाउनशिफ्ट झालं, केबल तपासा” असं स्पष्ट लिहून ठेवतात. त्या वेळा तुमच्या पिंगच्या फाइलीशी जुळल्या तर निकाल लागला.

आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर फिरवून “सगळे दिवे लागले, केबल ओके” असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. तो टेस्टर तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचते का एवढंच सांगतो. कुणी रंगक्रम न पाळता जोड्या ओळीने बसवल्या असतील (पहिली-दुसरी, तिसरी-चौथी, असं दोन्ही टोकांना सारखंच), तर दिवे सगळे हिरवे लागतील, पण जोडी म्हणून वापरली जाणारी तिसरी आणि सहावी पिन एकाच पिळातली नसल्याने सिग्नल एकमेकांत मिसळेल. लिंक जुळते, वर चुका ढीगभर. ‘इथटूल’ला कॅपिटल ‘एस’चा पर्याय दिला की कार्डाच्या मोजणीचे आकडे दिसतात; त्यात सीआरसी चुकांचा (वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा) आकडा वाढत असेल तर केबल पुन्हा क्रिम्प करा, म्हणजे टोकाला नवा कनेक्टर दाबून बसवा. केबलचं टोक ब्लेडने खरवडूनही बघा. वरून तांब्याचा रंग आणि आतून चंदेरी निघालं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. ती क्रिम्पिंगमध्ये तुटते आणि वळवली की पुन्हा तुटते. शंभर फूट केबलमध्ये वाचवलेले पैसे सर्व्हिस व्हिजिटमध्ये वसूल होतात.

याच कुळातला, हल्ली कमी दिसणारा पण जुन्या स्विचवर अजून भेटणारा आजार म्हणजे डुप्लेक्सची विसंगती. एका बाजूला कुणीतरी कधीकाळी “१०० फुल” हाताने ठोकून ठेवलेलं असतं, दुसरी बाजू ऑटोवर. ऑटोवरच्या बाजूला समोरून उत्तरच येत नाही, म्हणून ती हाफ डुप्लेक्स धरते. पिंग स्वच्छ, वेबसाइट बरी, पण मोठी फाइल ओढायला घेतली की काही एमबीपीएसवर धापा टाकते. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा.

एका कनेक्शनला चार, आठ कनेक्शनला तीस

आता भाड्याच्या सर्व्हरकडे येऊ. मशीन फ्रँकफर्टला, तुम्ही पुण्यात. मुंबईच्या स्पीड टेस्टवर ३००, पण त्या सर्व्हरवरून फाइल घेताना पावणेचार-चार एमबीपीएस. एकाच वेळी आठ तुकड्यांत ओढलं तर बेरीज तीसच्या घरात जाते. एका कनेक्शनला कमी आणि अनेकांची बेरीज चांगली, हे दिसलं की बँडविड्थचा नाद सोडा. हा अंतराचा आणि गळतीचा, म्हणजे वाटेत हरवणाऱ्या पॅकेटांचा, मामला आहे.

टीसीपी (डेटा नीट पोचवण्याचा इंटरनेटचा नियम) एका वेळी ठरावीक डेटा पाठवतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. या डेटाला विंडो म्हणतात. मुंबई-फ्रँकफर्ट जाऊन येऊन साधारण १२० मिलिसेकंद लागतात. विंडो ६४ केबीची असेल तर प्रत्येक १२० मिलिसेकंदाला ६४ केबी, म्हणजे ४.४ एमबीपीएस, लाईन १ जीबीपीएसची असली तरी. विंडो वाढवायची सोय १९९२ पासून आहे आणि आजची प्रत्येक सिस्टिम ती वापरते. पण मधलं एखादं जुनं फायरवॉल ती सोय मागणारी निशाणी खोडून टाकतं, किंवा ॲप्लिकेशनची स्वतःची आणखी एक मर्यादा असते. दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून देणाऱ्या ओपनएसएसएचची स्वतःची विंडो २ एमबीची आहे. म्हणून १२० मिलिसेकंदांवर त्यातली फाइल कॉपी करायची कमांड, एससीपी, १४० एमबीपीएसच्या आसपास थांबते आणि लोक प्रोव्हायडरशी भांडत बसतात.

गणित तुमच्या लाईनला लावून बघा. ३०० एमबीपीएस गुणिले ०.१२ सेकंद म्हणजे साडेचार एमबी डेटा सतत वाटेत असायला हवा. कर्नलचे टीसीपी बफर त्याहून कमी असतील तर वाढवा. बफर सगळाच्या सगळा विंडोला मिळत नाही, त्यामुळे कमाल मर्यादा हिशोबाच्या दुप्पट-तिप्पट धरा. १६ एमबी या कामाला पुरते. शेकडो एमबी टाकणारे लेख नेटवर आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

गळती मात्र विंडोपेक्षा क्रूर आहे. मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार एका टीसीपी कनेक्शनचा वेग अंतराच्या आणि गळतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हजारात एक पॅकेट गळतंय असं धरा. मुंबईतल्या, १० मिलिसेकंदांवरच्या सर्व्हरवरून तुम्हाला ४५ एमबीपीएस मिळतील, फ्रँकफर्टहून पावणेचार. गळती तीच, जागा तीच, फक्त अंतर बारापट. सूत्र टीसीपीचा वेग ठरवणाऱ्या जुन्या रेनो पद्धतीचं आहे, पण लिनक्समध्ये मुळात असलेली क्यूबिक पद्धतही या आकड्यांवर फार वेगळं काढत नाही. स्पीड टेस्ट जवळच्या मशीनशी आणि अनेक कनेक्शनं उघडून मोजते, म्हणून तिथे हे कधीच दिसत नाही. लाईनमनचा ३०० आणि तुमचा पावणेचार, दोन्ही खरे असतात ते असे.

यावर उपाय म्हणून गूगलने २०१६ मध्ये आणलेली बीबीआर पद्धत चालू करतात. ती लिनक्स ४.९ पासून कर्नलमध्ये आहे आणि थोड्या गळतीला घाबरून वेग कमी करत नाही. चालू जरूर करा, पण योग्य टोकाला. वेग किती ठेवायचा हे पाठवणारा ठरवतो. फ्रँकफर्टहून पुण्याला येणारं डाउनलोड सुधारायचं असेल तर बीबीआर फ्रँकफर्टच्या मशीनवर हवं. पुण्याच्या सर्व्हरवर लावून तुमचं फक्त अपलोड सुधारेल. हे न कळल्यामुळे “बीबीआरने काही फरक पडला नाही” असं म्हणणारे खूप भेटतात.

अंतर बदलतंही. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात सी-मी-वी ४ आणि आयमीवी या केबल तुटल्या; दोन्ही मुंबईला किनाऱ्याला लागतात. युरोपकडची वाहतूक लांबच्या वळणाने गेली की १२० चे २५० मिलिसेकंद होऊ शकतात आणि विंडोने बांधलेलं कनेक्शन आपोआप निम्म्यावर येतं. अशा वेळी सर्व्हरच्या सेटिंग खाजवत बसू नये. पिंगची जुनी फाइल असली की एका नजरेत कळतं.

वापरणारे सगळे महाराष्ट्रातले असतील तर मशीन मुंबईतल्या डेटासेंटरला हलवणं हा सर्वांत सोपा उपाय. महिन्याचं भाडं थोडं वाढतं, डोकेदुखी पुष्कळ कमी होते.

अपलोड भरलं की डाउनलोडही मरतं

रिकाम्या लाईनवर प्रोव्हायडरचा पहिला टप्पा ४ मिलिसेकंदांवर, आणि बॅकअप चालू झाला की तोच ४०० वर? राउटर किंवा फायबरच्या डब्यातल्या बफरमध्ये रांग लागलीय. डाउनलोडच्या पोचपावत्याही याच रांगेत बॅकअपच्या मागे उभ्या राहतात, म्हणून अपलोडच्या गर्दीत डाउनलोड गुदमरतं. रिमोट डेस्कटॉपवर टॅली चालवणाऱ्यांना हे सगळ्यात आधी जाणवतं: कळ दाबली की अक्षर अर्ध्या सेकंदाने उमटतं. स्पीड टेस्ट तेव्हाही बऱ्यापैकी आकडा देते, कारण तिला उशिराशी देणंघेणं नसतं.

तात्पुरता इलाज बॅकअपलाच लगाम घालणं. फाइली कॉपी करणाऱ्या ‘आरसिंक’ला बँडविड्थची मर्यादा देता येते, पण ती सेकंदाला किलोबाइटमध्ये, २० एमबीपीएस हवे असतील तर २४०० च्या आसपास लिहा. क्लाउडवर कॉपी करणाऱ्या ‘आरक्लोन’ला तर वेळापत्रकच देता येतं, दिवसा कमी आणि रात्री मोकळं.

टिकाऊ इलाज राउटरवर. केक नावाची रांग लावण्याची पद्धत लिनक्स ४.१९ पासून कर्नलमध्ये आहे. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालवणाऱ्या राउटरवर ती एसक्यूएम या नावाने मिळते. मर्यादा खऱ्या लाईनच्या ९० टक्क्यांवर ठेवा. हे १० टक्के सोडणं लोकांच्या जिवावर येतं, पण रांग तुमच्या राउटरमध्ये तयार व्हायला हवी, तरच तिला शिस्त लावता येते. पूर्ण १०० टक्के ठेवलं तर रांग पुन्हा प्रोव्हायडरच्या डब्यात जाते, आणि तिथे तुमचा हात पोचत नाही. केक सर्व्हरच्या कार्डावर लावू नका. तिथे लावलं तर ऑफिसातल्या ऑफिसात होणारी कॉपीसुद्धा त्याच मर्यादेत अडकेल.

जोडलं जातं, मग थिजतं

एसएसएचने लॉगिन होतं, पण मोठी यादी छापायला सांगितली की स्क्रीन थिजते. साइटचं पहिलं पान येतं, फाइल अपलोड शून्यावर. छोटी पॅकेटं जातात, मोठी अडतात: दोष एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा. साध्या इथरनेटवर १५०० बाइट, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) लाईनवर १४९२, वायरगार्ड या व्हीपीएनवर मुळात १४२०. वाटेत अरुंद जागा आली की तिथल्या राउटरने “एवढं मोठं चालणार नाही” असा आयसीएमपी (नेटवर्कची आपापसातली सूचना) निरोप परत धाडायचा असतो. सुरक्षिततेच्या नावाखाली कुणीतरी सगळं आयसीएमपी बंद केलेलं असतं, निरोप पोचत नाही, पाठवणारा मोठी पॅकेटं पाठवत राहतो.

तपासायला पिंगला ‘तुकडे करू नको’ हा पर्याय आणि १४७२ बाइटचा आकार द्या. २८ बाइट हेडरचे मिळून १५०० होतात. उत्तर नाही आलं तर आकार उतरवत जा, पहिलं उत्तर येईल तिथे २८ मिळवा. राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग (दोन्ही टोकांना आधीच छोटी पॅकेटं पाठवायला लावणं) लावलं की बहुतेक वेळा भागतं. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये चालवायची सोय) वापरणाऱ्यांनी एक जास्तीची गोष्ट बघावी: काही क्लाउड नेटवर्कांत यजमान मशीनचा एमटीयू १४५० असतो आणि डॉकरचा पूल मात्र १५०० धरून बसतो. मशीनवरून सगळं सुरळीत, कंटेनरमधून लटकतं.

बरोबर पाच सेकंद

डेटा आला की धो धो येतो, पण सुरुवातीला दर वेळी पाच सेकंद शांतता. हे डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी व्यवस्था. पत्ता विचारायच्या सर्व्हरांच्या यादीतला पहिला सर्व्हर मेलेला आहे, आणि लिनक्स दुसऱ्याकडे वळण्याआधी मुळात पाच सेकंद वाट बघतं. मेलेला पत्ता काढून टाका. ‘कर्ल’ या कमांडने साइट एकदा आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा पत्ता) आणि एकदा आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा) सक्तीने वापरून मागून बघा. फक्त सहावर लटकत असेल तर पत्ता मिळालाय पण वाट नाही. ब्राउझर अशा वेळी गुपचूप चारवर वळतात, म्हणून माणसांना त्रास दिसत नाही, स्क्रिप्टांना दिसतो.

दोष नेटवर्कचा नसेल तर

डाउनलोड डिस्कवर न लिहिता थेट ‘डेव्ह नल’मध्ये (लिनक्सची, काहीही न साठवणारी कचरापेटी) फेकून बघा. वेग एकदम वाढला तर डिस्क मंद आहे. जुन्या फिरत्या डिस्कवर डेटाबेसचा बॅकअप चालू असताना हे हमखास होतं. प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये एखादा कोअर ‘सॉफ्टआयआरक्यू’ या कामात १०० टक्के अडकला असेल तर पॅकेटं हाताळायलाच प्रोसेसर पुरत नाही. भाड्याच्या मशीनवर ‘एसटी’चा आकडा चढता दिसला तर त्याच लोखंडावरचा शेजारी तुमचा वेळ खातोय, कंपनीला मशीन हलवायला सांगा. आणि कर्नलच्या लॉगमध्ये ‘कॉनट्रॅक टेबल फुल’ असं दिसलं तर कनेक्शनांची नोंदवही भरली आहे आणि नवी पॅकेटं फेकली जाताहेत. मर्यादा वाढवा, पण इतकी कनेक्शनं कुठून येताहेत तेही बघा. कित्येकदा कुणीतरी एसएसएचचा पासवर्ड ओळखत बसलेलं असतं.

प्रोव्हायडरकडे जाताना

घरातलं सगळं तपासून झालं आणि बोट प्रोव्हायडरकडेच जात असेल तर वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरची गळती दाखवणाऱ्या ‘एमटीआर’चा अहवाल घ्या, किमान शंभर पॅकेटांचा, त्रास चालू असताना एक आणि चांगल्या वेळी एक. तो वाचताना एक गल्लत जवळजवळ सगळे करतात. मधल्या एखाद्या टप्प्यावर ६० टक्के गळती दिसली आणि त्यापुढच्या टप्प्यांवर शून्य, तर तिथे काहीही गळत नाहीये. तो राउटर स्वतःच्या नावाने आलेल्या पिंगला कमी उत्तरं देतो, पुढे जाणारी पॅकेटं मात्र नीट पाठवतो. गळती ज्या टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकते, तो टप्पा महत्त्वाचा. मधल्याच टप्प्याला लाल गोल करून पाठवलात तर तिकडचा जाणकार माणूस पहिल्याच ओळीला तक्रार बंद करेल, आणि त्याचं बरोबरच असेल.

दोन्ही टोकांकडून अहवाल घ्या, कारण जायची वाट आणि यायची वाट बहुधा वेगळी असते. पिंगऐवजी टीसीपीने ४४३ पोर्टवरही एकदा चालवा. सोबत दोन मशीनमधला वेग मोजणाऱ्या ‘आयपर्फ३’चे दोन आकडे, एका कनेक्शनचा आणि आठ कनेक्शनांचा, डाउनलोडसाठी उलट दिशेचा पर्याय लावायला विसरू नका, नाहीतर तुम्ही अपलोडच मोजत राहाल. ‘इथटूल’ची गिगाबिट दाखवणारी ओळ आणि पिंगच्या फाइलीतले त्रासाच्या वेळेचे तुकडे जोडा. “दोन दिवसांपासून नेट स्लो आहे” एवढ्यावर लाईनमनच येतो. “रोज २०:१० ते २२:५० मध्ये तुमच्या दुसऱ्या टप्प्यापासून शेवटपर्यंत २ टक्के गळती, दोन्ही दिशांचे अहवाल सोबत” असं लिहिलं की तक्रार कॉल सेंटरमधून नेटवर्कवाल्यांच्या टेबलावर सरकायची शक्यता बरीच वाढते. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या वेळी त्रास झाला की नवी तक्रार उघडू नका, त्याच क्रमांकाखाली नवी फाइल जोडा. नवी उघडली की लाईनमन पुन्हा लॅपटॉप घेऊन दारात.